पेज निवेपर्यंत

बेलाचं पान चुरलं की जो वास सुटतो, तो मला आजही सोसत नाही. गुरवाच्या घरात जन्म काढलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण खरं ते खरं. परवा कितीतरी वर्षांनी आमच्या महादेवाच्या देवळात गेले. नंदीच्या पाठीवरून हात फिरवला, भिंत धरत धरत गाभाऱ्याच्या सात पायऱ्या उतरले, आणि तिथल्या ओल्या अंधारात देवाच्या आधी तोच वास पुढे आला. मी मनात म्हटलं, आहेस का अजून इथंच? हे मी देवाला म्हटलं नाही.

कुणाला म्हटलं ते सांगते, पण आधी देऊळ सांगू दे. गोंदियाहून पूर्वेकडे, जिथे धानाच्या बांध्या संपत येतात आणि दरेकसाच्या डोंगरांची निळी कड दिसायला लागते, तिथे एका बोडीच्या पाळीवर ते आहे. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. देऊळ काळ्या दगडाचं. चुन्याचा थेंब नाही, दगडात दगड अडकवून बसवलेला. खांबांवर नाग कोरलेले, उंबऱ्यावर कीर्तिमुख, आणि शिखर मुळीच नाही. शिखराच्या जागी पिंपळाची दोन रोपं आणि पारव्यांची घुमणी. त्याची गोष्ट अशी, की देऊळ घडवणारा कारागीर अंगावर चिंधी न ठेवता काम करायचा, तसा त्याचा नेम होता. बायको दुपारचं जेवण घेऊन यायची ती लांबूनच घंटी वाजवत यायची. एक दिवस बायकोऐवजी बहीण आली. तिला घंटीचं काय ठाऊक? तिला पाहून लाजेनं त्यानं वरूनच बोडीत उडी घेतली, ती घेतलीच. सासूबाई ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगत. मला मात्र एकच प्रश्न पडे, की त्याच्या बायकोचं पुढे काय झालं. ते कुणीच सांगत नसे.

दुसरी गोष्ट पार्वतीची. सभामंडपाच्या डाव्या कोनाड्यात ती उभी आहे, हातभर उंच, नाकाचं टोक झिजलेलं. तिची मान वळलेली आहे. गाभाऱ्याकडे पाठ नाही, पण तोंडही नाही. म्हणतात, घडवली तेव्हा ती सरळ महादेवाकडे पाहत होती. मग पिंडीवर गळती टांगली, तांब्याच्या भांड्यातून पाण्याचा थेंब थेंब पडायला लागला, आणि त्याच दिवशी तिनं मान फिरवली. गळतीचं पाणी म्हणजे गंगा. नवऱ्याच्या डोक्यावर दुसरी बसलेली कुठली बाई पाहील? शिवरात्रीला गावच्या बाया तिला हळदकुंकू वाहून म्हणत, बाई, आता तरी इकडे पाहा. दर शिवरात्रीला ती तिळभर वळते असा समज होता. मी पंधराव्या वर्षी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, या गावात आपलं माणूस कुणी असेल तर हीच.

कारण मीही दुसरी होते. किंवा पहिलीच दुसरी होती, हे मला कधीच ठरवता आलं नाही. माझ्या नवऱ्याची पहिली बायको तापानं गेली, त्यानंतर सहा महिन्यांनी माझ्या माहेराहून, मुर्रीहून, माझी वरात निघाली. बैलगाडीत बसताना मागे गोंदियाच्या गाडीची शिट्टी ऐकू आली होती, ती पुढे कैक दिवस कानात राहिली. आमच्याकडची रीत अशी, की दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. मंगळसूत्राच्या शेजारीच तो लोंबायचा, करंगळीच्या नखाएवढा, त्यावर बाईसारखं काहीतरी ठोकलेलं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग अंगाला. सणाचा पहिला घास टाकाला दाखवायचा, मग तोंडात. तिचं नाव घरात सगळे घेत. मी घेत नसे. मी ‘पहिली’ म्हणायची, तेही फार अडलं तर.

गळ्यातलीचं एक वेळ चाललं असतं. अंगणातलीचं काय करायचं? नव्या नवरीच्या हातानं एक झाड लावायचं म्हणून तिनं देवळाच्या उत्तरेला बेल लावला होता. मी आले तेव्हा तो दोन पुरुष उंच झाला होता. महादेवाला रोजचं बेलपत्र पुरवणं हे गुरवाचं काम, आणि ते रोज तिच्याच झाडावरून निघे. पहाटे हे अंघोळ करून ओल्या धोतरानं झाडाखाली उभे राहत. आधी हात जोडत, मग काट्यांतून बोटं घालून एकेक त्रिदळ खुडत, एकही पान फाटू न देता. सोमवारी बेल तोडायचा नसतो, म्हणून रविवारीच सोमवारचा खुडून ओल्या फडक्यात ठेवत. त्या फडक्याला मी हात लावलेला चालत नसे असं नाही, पण कधी लावायची वेळच आली नाही. फडकं बांधून खुंटीला टांगलेलं असे आणि मी चुलीशी बसून ते पाहत असे. माझा नवरा माझ्याशी वाईट कधी वागला नाही. पण त्या काट्यांतून जशी बोटं फिरत, तितकी सांभाळून ती दुसरीकडे कुठे फिरताना मी पाहिली नव्हती. झाडाचा हेवा करणारी बाई कुणी पाहिली नसेल तर मला पाहून घ्यावं.

मला जास्त काही नको होतं. देवापुढे जे जातं त्यातलं एक तरी माझ्या हातचं असावं, आणि ते ह्यांनी माझ्या हातून घ्यावं, एवढंच. फुलं गावातल्या मुली आणत. पाणी सासूबाई बोडीतून आणत. द्रोण-पत्रावळींची पळसाची पानं दरेकसाकडून मंगरू आणून देई. तो रानातला माणूस, देवळाच्या पायऱ्या कधी चढत नसे. आमचा देव रानात असते बाई, म्हणायचा, आणि बेलाच्या बुंध्याला मात्र जाताना हात लावून जायचा. म्हणजे त्याचाही नमस्कार तिलाच.

आता पेजेचं सांगते. आमच्या भागात भाताशिवाय जेवण नाही, आणि भात वेळला, म्हणजे शिजल्यावर त्यातलं पाणी ओतून काढलं, की पेज निघतेच. माहेरी ती गाईच्या गव्हाणीत जाई. इथे पहिल्याच दिवशी मी भांडं उचलून गोठ्याकडे निघाले तर सासूबाई म्हणाल्या, “गाईले नको. तिकडं बेलाले घालतेत. निवली का मंग घाल.” ही रीत पहिलीनं पाडलेली. तिला म्हणे झाडाचं भारी वेड, पेजेनं पान तुकतुकीत होतं म्हणायची. तेव्हापासून रोज दुपारी माझ्या हातची पेज तिच्या मुळाशी. मी रांधायचं, आणि सकस पाणी तिनं प्यायचं.

दोन वर्षं मी निवलेली पेज घातली. त्या दोन वर्षांतले वास अजून नाकात आहेत: चैत्रात मोहाची फुलं पडायची तेव्हाचा जड गोड वास, रोवणीच्या दिवसांत बायांच्या लुगड्यांना येणारा चिखलाचा, मार्गशीर्षात खळ्यावरचा नव्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा. माघात कचारगडच्या जत्रेला जाणारी रानातली माणसं बोडीच्या पाळीवर भात शिजवायला थांबत, त्यांचे ढोल ऐकता ऐकता माझा भात करपे. शिवरात्रीला चार गावचं दूध पिंडीवरून वाहून उत्तरेच्या गोमुखातून बाहेर पडे, आणि तिथली माती पुढे आठवडाभर आंबूस वासाची राही. मी सुखात नव्हते असं मी म्हणणार नाही. एखाद्या दिवशी हे गाभाऱ्यातून वर येत, केसांना गळतीचं पाणी लागलेलं असे, आणि मला पाहून हसत. तेवढ्यावर मी दोन दिवस काढत असे.

मग एका श्रावणात असं झालं. सोमवारची गर्दी होती. पहिलीच्या माहेरची कुणी बाई दर्शनाला आली होती. तिनं बेलाच्या पानाला डोळे लावले आणि ह्यांना म्हणाली, पोरगी गेली पण देवाच्या माथ्यावर रोज जाऊन बसते. ह्यांचे डोळे भरले. दोन वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा भरले, आणि मी दारात उभी होते हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी कोनाड्यातल्या पार्वतीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली ती काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी भात वेळला आणि भांडं उचलून मी तशीच निघाले. निवू दिली नाही, एवढंच माझं पाप. हातात भांडं तेच, झाड तेच, वेळ तीच. पाहणाऱ्याला काय कळणार? बुंध्याशी उकळती पेज ओतली, मातीतून वाफ निघाली आणि शिजलेल्या मुळाचा एक कच्चा वास आला. मी घाबरून पार्वतीपुढे जाऊन बसले. वाटलं होतं, एकदाच. पण दुसऱ्या दिवशीही हात थांबला नाही. तो श्रावण गेला, भादवा गेला. धान निसवलं, कापलं, मळलं. मी रोज भात वेळत होते आणि रोज निवायची वाट पाहत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात बेलाला पालवी फुटली ती एकाच बाजूला. त्याच्या पुढच्या वर्षी तीही नाही. लोक म्हणाले वाळवी लागली. कुणी म्हणालं पहिलीचं आयुष्य तेवढंच, तिच्या झाडाचंही तेवढंच. सासूबाईंनी बुंध्याला हळद लावली, राख लावली. मी लावायला मदत केली. हळदीनं पिवळा झालेला माझा हात मला दिवसभर पाहवत नव्हता.

वाळलं झाड श्रावणाच्या तोंडावर कापलं. हातभर खुंट राहिला. आता हे दुसऱ्या गावाहून बेल आणतील, तो तिचा नसेल, असं मी धरून चालले होते. पण शेवटच्या हिरव्या फांदीचं एकेक त्रिदळ ह्यांनी जपून ठेवलं होतं. रोज सकाळी पिंडीवरून उतरवायचं, बोडीच्या पायरीवर बसून धुवायचं, पुन्हा वाहायचं. मी म्हटलं, वाळली पानं देवाला कशी चालतात? तर मान वर न करता म्हणाले, “बेल शिळा होत नाही.” शास्त्रात तसंच आहे, मला काय ठाऊक नव्हतं? सारा महिना ते पायरीवर बसून ती पानं धुताना मी वरून पाहत होते. पानांच्या शिरा उरल्या होत्या नुसत्या. झाड मारून मी तिला आणखीच जवळ नेऊन बसवली होती. माझ्यासारखी वेडी बाई साऱ्या झाडीपट्टीत नसेल.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गोमुखापाशी मला एक रोप दिसलं. वीतभर, तीन पानं, तांबूस. पाखरानं कुठून तरी बी टाकलं असेल, किंवा देवापुढचं फळ फुटून पडलं असेल. ते मला दिसलं, मला, दुसऱ्या कुणाला नाही. मी त्याच्याभोवती बोराट्या रोवल्या, शेळ्या हाकलल्या, शेणखत टोपलीनं आणलं. उन्हाळ्यात बोडी तळाला गेली तेव्हा आंघोळीचं पाणी वाचवून त्याला घातलं. आणि पेज घातली, निवलेली, आधी बोट बुडवून पाहून. ह्या अशा वेडेपणाला ह्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. एकदा आपणहून रोपाला आधाराची काठी लावून गेले.

चौथ्या वर्षी त्यावर खुडण्याजोगी पानं झाली. पहिलं त्रिदळ मी खुडलं. काटा अंगठ्यात शिरला, रक्ताचा थेंब आला, तो मी चोखून टाकला आणि पान ह्यांच्या हातावर ठेवलं. ह्यांनी ते पायऱ्या उतरून पिंडीवर पालथं ठेवलं, बेल पालथाच वाहतात, आणि गळतीचा थेंब त्याच्यावर टप्पकन पडला. मी वरच्या पायरीवर होते. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, लेक झाली तेव्हाही झाला नव्हता. गावात त्या झाडाला ‘गुरविणीचा बेल’ म्हणायला लागले. पार्वतीपुढे उभी राहून मी तिला म्हटलं, बाई, तू राहा अशीच, माझं जमलं.

कोणी हसावं इतकी मी त्या दिवसांत फुशारले होते. गळ्यातल्या टाकाला नवं लुगडं लावताना मला आता जडही जात नव्हतं. जिंकलेल्या माणसाला दोन घास सोडायला काय जातं?

मग सत्तेचाळीस साल आलं. श्रावणातलीच सकाळ होती. गावच्या तरुणांनी ठरवलं, झेंडा देवळाच्या आवारात लावायचा, कारण गावात उंच जागा तीच. खांबासाठी खड्डा खणायला मंगरू आला होता. पाऊस होऊन माती मऊ झालेली, त्याची कुदळ भराभर चालली होती. बायका-पोरं जमली होती, मुर्रीहून माझा भाऊ फेटा बांधून आला होता. जुना खुंट आणि माझा बेल यांच्या मधोमध खड्डा चालला होता. कंबरेइतका झाला तेव्हा कुदळ कशाला तरी अडली. मंगरूनं हातानं माती बाजूला केली. मनगटाएवढी एक मुळी आडवी गेलेली होती, एका बाजूला खुंटाकडे, दुसऱ्या बाजूला गोमुखाकडे. वरून कुदळीनं साल निघालं होतं आणि आत ती पांढरी, ओली, जिवंत होती.

मंगरू माझ्याकडे पाहून हसला. झाडांचं जाणणारा माणूस, त्याला त्यात नवल नव्हतंच. “बाई, हे तुमचं झाड बीचं नाही. त्या खुंटाचंच पोर होय. जड पाहा ना, कशी सीधी येऊन राहिली.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दहा वर्षं मी शेण घातलं, पाणी घातलं, पेज घातली, ते तिला. माझ्या अंगठ्याचं रक्त लागलेलं ते पान, तेही तिचं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खड्ड्याच्या काठाशी उभे होते आणि त्यांच्या तोंडावर नवल नव्हतं. मुळीच नव्हतं. मी चारचौघांत नवऱ्याशी कधी बोलत नसे, पण त्या दिवशी जवळ जाऊन विचारलं.

“अजी, तुमाले ठावूक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मंग मले सांगतलं काऊन नाही?”

हे मुळीकडे पाहतच हळूच म्हणाले, “तू पानी घालून राहिली होती.”

त्यांनी मंगरूला मुळीवर माती लोटायला सांगितली आणि खड्डा दोन हात सरकवून घेतला. झेंडा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, गूळ-शेंगदाणे वाटले. मला त्यातलं काही नीट आठवत नाही. हजारो लोकांना त्या दिवशी काय काय मिळालं असेल, माझं मात्र होतं तेवढं सगळं गेलं.

दुपारी भात वेळला. सवयीनं भांडं उचललं आणि उंबऱ्याशी आले. हातात वाफ होती. खोटं बोलत नाही, त्या घडीला पुन्हा तोच विचार मनात आला होता. हे ओसरीवर पळसाची पानं जुळवत बसले होते. काडी टोचता टोचता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “निवू दे.”

एवढंच. आवाजात राग नव्हता. मी भांडं खाली ठेवलं आणि तिथेच बसले. त्यांना पेजेचं कधीपासून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. ते बोडीच्या पायरीवर वाळली पानं धूत होते तेव्हाही ठाऊक असणार. आधाराची काठी लावली तेव्हाही. पेज निवेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. निवली तशी मी उठले आणि ती बेलाला घालून आले.

नंतर आमच्यात या गोष्टीचा शब्द निघाला नाही. हे गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी लेकीकडे, मुर्रीला असते. टाक अजून गळ्यात आहे, झिजून त्यावरची बाई पुसली गेली आहे. कधी कधी वाटतं, वर ते दोघं एकत्र असतील, मधली सारी वर्षं मोडीत काढून. वाटलं की आजही छातीत कळ येते. या वयात कळ कसली म्हणून लेक हसते.

परवा गाभाऱ्यातून वर आले, पार्वतीपुढे थोडी थांबले. तिळभरही वळलेली दिसली नाही. बाहेर बेल केवढा झाला आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही, आणि त्याच्या चहूकडे आणखी पोरं फुटली आहेत. खुंटाचा मागमूस नाही. आता पूजा करतो तो दिराचा नातू. त्याची बायको, नवी, विशीतली, घरातून पेजेचं भांडं घेऊन आली. रीत अजून चालू आहे तर. मी भांड्याला हात लावला. चटका बसला.

“निवू दे, बाई,” मी म्हटलं.

ती भांडं ठेवून माझ्याशेजारी पायरीवर टेकली. वाट पाहायची तर काहीतरी बोलायला हवं, म्हणून तिनं विचारलं, “आजी, हे झाड तुमीच लावलं ना? सगळे गुरविणीचा बेल म्हणतेत.”

ह्या प्रश्नाला मी आजवर शंभरदा हो म्हटलं आहे. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. समोर वाफ विरळ होत होती. वाऱ्यानं एक पान माझ्या मांडीवर येऊन पडलं, मी ते उचललं, चुरलं नाही.

“सगुणानं लावलं,” मी म्हटलं. तिचं नाव माझ्या तोंडून निघालं ते जन्मात पहिल्यांदा. आणि मग राहवलं नाही म्हणून म्हटलंच, “पण पानी मी घातलं.”